पाच थरांचे लोखंड

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या पुलाआधी महामार्गाच्या कडेला शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. ओतकामासाठी ही वसाहत प्रसिद्ध आहे. येथील एखाद्या मोठ्या फाउंड्रीच्या आवारात क्षणभर उभे राहिले, तर भंगाराच्या ढिगावर क्रेनला लटकलेली एक जाड लोखंडी तबकडी दृष्टीस पडते. विजेचा प्रवाह सुरू होताच खिळे, पत्र्यांचे तुकडे आणि मोडके गिअर असे सारे त्या तबकडीला जाऊन चिकटते. प्रवाह तोडताच ते सारे एकदम खाली कोसळते. येथे लोखंडाचा हिशेब टनांत होतो. ओतीव मालाचा भाव किलोवर ठरतो आणि भट्टीची कुवत टनांत सांगितली जाते. लोखंड म्हणजे वजन, असे येथील माणसाने म्हटले तर त्यात त्याची काहीच चूक नाही.

परंतु लोखंडाचा चुंबकाशी असलेला हा स्नेह बिनशर्त नाही, हेही भट्टीवर काम करणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. लालबुंद तापलेल्या लोखंडाला चुंबक ओढत नाही. पियेर क्यूरी यांनी १८९५ मध्ये या घटनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्ध लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला आपले चुंबकत्व हरवून बसते आणि थंड झाले की ते परत मिळवते. शाळेतील शिक्षक एक खिळा चिमट्यात धरून ज्योतीत चांगला लाल करून हा प्रयोग मुलांना सहज दाखवू शकतात. उष्णतेने लोखंडाचे चुंबकत्व जाते, हे अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत आहे. पण लोखंडाचे चुंबकत्व घालविण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्याला भट्टी लागत नाही. लोखंड पुरेसे पातळ करीत जावे, एवढेच पुरते. किती पातळ केल्यावर लोखंड चुंबक राहत नाही, आणि ते कशावर पसरलेले आहे याचा त्याच्याशी काय संबंध, या प्रश्नाने गेली चार दशके जगभरच्या प्रयोगशाळांना गुंतवून ठेवले आहे. आणि या प्रश्नाचा शिरोलीच्या उद्याशी संबंध आहे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम ‘पातळ’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. लोखंडाच्या स्फटिकात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांतील अंतर मीटरच्या अब्जांश भागाच्या सातव्या हिश्श्याइतके असते. असे पाच थर एकत्र केले, तरी वृत्तपत्राचा साधा कागद त्याहून सुमारे एक लाख पट जाड भरेल. दुसऱ्या रीतीने हिशेब करू. एक ग्रॅम लोखंड पाच अणुथरांच्या जाडीने पसरले, तर ते सुमारे पावणेदोन गुंठे जमीन झाकील. एक किलो लोखंड याच मापाने सुमारे चव्वेचाळीस एकरांना पुरेल. शिरोलीत भट्टीत एका वेळी ओतल्या जाणाऱ्या धातुरसाने किती जमीन झाकता येईल, याचे गणित जिज्ञासू विद्यार्थ्याने स्वतःच करून पाहावे.

आता चुंबकत्वाकडे वळू. लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक इवलासा चुंबक असतो. पण कोट्यवधी इवल्या चुंबकांची तोंडे चहूदिशांना असली, तर त्यांची बेरीज शून्यच होणार. लोखंडाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे शेजारी-शेजारी असलेले अणू एकमेकांना आपल्याच दिशेला वळवून घेतात. म्हणजे चुंबकत्व हा एकट्या अणूचा गुण नव्हे; तो शेजाराचा गुण आहे. घन लोखंडात प्रत्येक अणूला आठ निकटचे शेजारी असतात. स्फटिक सपाट कापला, की त्या पृष्ठभागावरील अणूचे यांतील चार शेजारी नाहीसे होतात. थर जसजसे कमी करावे, तसतसे शेजारी कमी होतात आणि एकमेकांना सावरून धरण्याची शक्ती क्षीण होते. साहजिकच, थोड्याशा उष्णतेनेही ही शिस्त मोडू शकते. पातळ लोखंडाची क्यूरी-मर्यादा ७७० अंशांवरून खाली येते, ती कधी कधी थेट खोलीच्या तापमानाच्याही खाली.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी याहूनही कठोर निकाल दिला होता. डेव्हिड मर्मिन आणि हर्बर्ट वॅग्नर यांनी १९६६ मध्ये असे सिद्ध केले, की ज्याच्या अणूंचे परस्परबंध जवळच्या शेजाऱ्यांपुरतेच आहेत आणि ज्याला कोणत्याही एका दिशेची विशेष आवड नाही, अशा निव्वळ द्विमितीय चुंबकात शून्याच्या वरच्या कोणत्याही तापमानाला ही शिस्त टिकूच शकत नाही. मग अत्यंत पातळ पटले चुंबक होतात तरी कशी? उत्तर त्या सिद्धांताच्या अटीतच आहे. पटलाला एखाद्या दिशेची आवड असली, तर तेवढ्या पक्षपातानेही चुंबकत्व तगून राहते. आणि पातळ पटलाला ही आवड बहुतांशी लाभते ती त्याच्या खालच्या जमिनीकडून. येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो.

ही जमीन म्हणून शास्त्रज्ञांनी अर्धसंवाहक निवडले, यालाही कारण आहे. आपल्या खिशातील भ्रमणध्वनीपासून बँकेतील संगणकापर्यंत सर्व गणना सिलिकॉनसारख्या अर्धसंवाहकात चालते, आणि त्या गणनेतील माहिती टिकवून ठेवण्याचे काम दीर्घकाळ चुंबकीय पटलांनी केले आहे. विचार करणारा एक आणि आठवण ठेवणारा दुसरा, अशी ही विभागणी. दोघांना एकाच तुकड्यावर एकत्र नांदविता आले तर? ही आकांक्षा या संशोधनामागे आहे. त्यासाठी एक सोयीची जोडीही निसर्गाने दिली आहे. गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाच्या स्फटिकातील घराची लांबी लोखंडाच्या स्फटिकातील घराच्या जवळजवळ दुप्पट आहे. फरक अवघा दीड टक्क्याच्या आत. म्हणजे जुन्या घराच्या एका चौकटीवर नवे दोन खण बसावेत, तसे लोखंड त्यावर नीट बसू शकते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत गॅरी प्रिन्झ आणि जे. जे. क्रेब्ज यांनी १९८१ मध्ये गॅलियम आर्सेनाइडवर लोखंडाचे एकसंध स्फटिकी पटल वाढवून दाखविले आणि या शाखेचा पाया घातला.

परंतु लवकरच एक अडचण ध्यानी आली. खालच्या तळातील आर्सेनिक आणि गॅलियम यांचे अणू लोखंडात शिरतात आणि सांध्यापाशी वेगळीच संयुगे बनतात, अशी लक्षणे दिसू लागली. मोजमाप घेतले असता लोखंड जेवढे टाकले तेवढे चुंबकत्व भरेना. सांध्याजवळचे काही थर चुंबकीयदृष्ट्या मृतच आहेत, असा समज रूढ झाला. तो खरा असता, तर सारी योजनाच फसली असती. कारण चुंबकाने अर्धसंवाहकाला जे सांगावयाचे, ते याच सांध्यातून जावयाचे होते. मधला दूतच मृत असेल तर निरोप पोहोचणार कसा?

या शंकेचे निरसन करणारा एक महत्त्वाचा प्रयोग केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. निर्वात पात्रात, सर्वसाधारण तापमानाला, अणूंचा थर चढत असतानाच त्यावर प्रकाशकिरण पाडून त्यांनी चुंबकत्व तपासले. चुंबकावरून परावर्तित होताना प्रकाशाच्या कंपनाची पातळी किंचित वळते, हा शोध जॉन केर यांनी १८७७ मध्येच लावला होता. त्याचाच हा उपयोग. त्यांना असे आढळले, की सुमारे साडेतीन थर होईपर्यंत लोखंड चुंबक नसते. साडेतीन ते पावणेपाच थरांच्या दरम्यान ते एका मधल्या अवस्थेत असते: बाहेरून चुंबक लावला की वळते, काढला की विसरते. सुमारे पावणेपाच थरांनंतर मात्र ते खरेखुरे लोहचुंबक होते. आणि तेव्हा केवळ वरचे थर नव्हेत, तर आरंभीचे सगळे लोखंड त्या शिस्तीत सामील झालेले दिसते. म्हणजे ते थर मेलेले नव्हते. ते एकटे पडलेले होते.

याचे स्पष्टीकरण मृगाच्या पहिल्या सरीवरून सुचते. धुळीच्या अंगणात पहिले थेंब पडतात, तेव्हा ओले ठिपके वेगवेगळे दिसतात. सर वाढली की ठिपके एकमेकांना टेकतात आणि अंगण एकदम ओले होते. लोखंडाचे आरंभीचे अणूही असेच बेटे-बेटे करून बसतात. प्रत्येक बेट लहान असल्याने त्यातील शिस्त उष्णतेच्या हिंदोळ्यावर टिकत नाही. बेटे एकमेकांना जोडली गेली, की समूहाचे सामर्थ्य प्रकट होते. चुंबकत्व हळूहळू वाढत जात नाही. ते जोडणीच्या एका टप्प्यावर उभे राहते.

आता दिशेच्या आवडीचा विचार करू. जाड लोखंडाच्या पटलात परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशा चुंबकत्वाला सारख्याच सोयीच्या असतात. परंतु गॅलियम आर्सेनाइडवरील अत्यंत पातळ लोखंडात तसे राहत नाही. तेथे एकच दिशा सोयीची ठरते, आणि तीही जाड लोखंडाच्या सोयीच्या दिशांच्या मधोमध. कारण खालच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरील बंध उभ्या आणि आडव्या दिशांना सारखे नसतात. याच हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजीच्या मागावर विणलेले कापड ताण्याच्या दिशेने एका तऱ्हेने फाटते आणि बाण्याच्या दिशेने दुसऱ्या तऱ्हेने, हे आपण पाहतो. स्फटिकालाही अशी वीण असते आणि लोखंडाचे पहिले थर ती वीण ओळखतात. थर वाढत गेले, की लोखंड आपल्या मूळ स्वभावावर येते आणि खालच्या जमिनीचा प्रभाव ओसरतो. जाड वस्तू स्वतःच्या स्वभावाने वागते. पातळ वस्तू आपल्या आधाराच्या स्वभावाने. या विषयाचा इत्यर्थ मला या एका वाक्यात दिसतो.

या सर्वांचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. लोखंड आणि क्रोमियम यांच्या अतिपातळ थरांचा विद्युत्-रोध चुंबकाने फार मोठ्या प्रमाणात बदलतो, हे आल्बेर फर्ट आणि पीटर ग्र्युनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. १९९७ पासून संगणकाच्या चकत्यांवरील माहिती वाचणारी शीर्षे या तत्त्वावर बनू लागली आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्धसंवाहकाच्या बाबतीत सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास या दोन भारतीय नावांनी १९९० मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून अशी कल्पना मांडली, की इलेक्ट्रॉनच्या विद्युत्भाराऐवजी त्याच्या चुंबकीय दिशेवर चालणारा ट्रान्झिस्टर करता येईल. त्यातील अडथळे मोठे होते. लोखंडातून अर्धसंवाहकात जाताना इलेक्ट्रॉन आपली दिशा बहुतांशी गमावतात, आणि हे दोन पदार्थांच्या वाहकतेतील प्रचंड अंतरामुळे घडते, हे २००० मध्ये स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील संशोधकांनी लोखंडातून गॅलियम आर्सेनाइडमध्ये खोलीच्या तापमानाला अशी दिशा पोहोचविली. प्रमाण मात्र अवघे दोन टक्क्यांच्या आसपास होते. २००७ मध्ये सिलिकॉनमध्येही ते साधले. दत्ता-दासांचा ट्रान्झिस्टर अद्याप बाजारात आलेला नाही. परंतु सिलिकॉनच्या चकतीवर, नॅनोमीटरभर जाडीच्या लोह-कोबाल्ट मिश्रणाच्या पटलांत माहिती साठविणाऱ्या आणि वीज गेली तरी ती न विसरणाऱ्या स्मृती आज विकल्या जातात.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे मात्र नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर चुंबकीय पटले तपासणारे एक उपकरण आहे. न्यूट्रॉन हा स्वतः एक लहानसा चुंबक असल्याने पटलावरून परावर्तित होताना तो आतल्या थराथरातील चुंबकत्वाची वार्ता घेऊन येतो. या तंत्राने तेथील शास्त्रज्ञांनी लोखंड आणि जर्मेनियम या अर्धसंवाहकाच्या एकाआड एक थरांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सांध्यापाशी लोखंडाचे चुंबकत्व घटते, हेच तेथेही दिसले. आणि खुद्द कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात, तनुपटलांचे संशोधन कित्येक दशके चालू आहे. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणातून पटल बसविण्याच्या स्वस्त रासायनिक पद्धतींचा जो पाठपुरावा केला, त्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. फेराइट या चुंबकीय पदार्थांवरही याच विद्यापीठात विपुल काम झाले आहे.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठाची. ज्या महामंडळाच्या वसाहतीत लोखंड टनांनी ओतले जाते आणि ज्या विद्यापीठात पटलांची जाडी मायक्रॉनच्या अंशांत मोजली जाते, ती दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये. शिरोली आणि सागरमाळ यांच्यातील अंतर काही किलोमीटरांचे आहे. मात्र वजनाची भाषा आणि जाडीची भाषा यांतील अंतर बरेच मोठे आहे, आणि ते कमी होणे आता शिरोलीच्याच हिताचे आहे.

कारण उघड आहे. कोल्हापूरच्या ओतकामाचा मोठा हिस्सा मोटारी, ट्रॅक्टर आणि इंजिने यांच्या भागांचा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर-ब्लॉक लागत नाही आणि सिलिंडर-हेडही लागत नाही. ही गाडी उद्याच सर्वत्र येईल असे नव्हे. ट्रॅक्टर आणि पंप यांना बीड लागतच राहील. परंतु बदलाची दिशा स्पष्ट आहे. विजेच्या मोटारीत जे लोखंड लागते, ते मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतक्या पातळ पत्र्यांच्या थप्पीच्या रूपाने. त्याहून पातळ धातू असतो तो चाकाची गती आणि मोटारीची स्थिती ओळखणाऱ्या चुंबकीय संवेदकांत. तेथे पटलाची जाडी नॅनोमीटरांवर येते. वाहनातील लोखंडाचे वजन घटत जाणार आणि त्याच्या पातळपणाचे मोल वाढत जाणार. ज्या गावाची भाकरी वजनावर आहे, त्याने हे लक्षात ठेवावयास नको काय?

शिरोलीच्या कारखानदाराने उद्यापासून अणुथर बसवावेत, असा याचा अर्थ नाही. तसे सुचविणे हास्यास्पद होईल. पण अणुथर बसविण्यासाठी जी साधने लागतात, ती कोण घडवितो, हे पाहावे. पृष्ठभाग स्वच्छ राहावा म्हणून हे काम अतिनिर्वात पात्रात चालते. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शहात्तर कोटींशाइतका दाब उरला, तरी अवघ्या एका सेकंदात पृष्ठभागावर परक्या वायूचा एक थर बसू शकतो. म्हणून दाब आणखी दहा हजार पटींनी खाली न्यावा लागतो. तेव्हा कुठे कामाला सुमारे पावणेतीन तास मिळतात. असे पात्र म्हणजे अखेर पोलादाचे काम: निर्दोष वेल्डिंग, अचूक लेथकाम, आरशासारखी घासणी, आणि तेलाचा एक थेंबही न राहू देणारी स्वच्छता. प्लेटिंग करणाऱ्याला माहीत असते, की पृष्ठभागावर चिकट बोट लागले तर मुलामा सुटतो. पूर्ण झालेल्या पटलावर सोन्यासारख्या धातूचे कवच चढवितात, नाहीतर पाच थरांचे लोखंड हवा लागताच गंजून जाईल. ओतीव भागावर लाल ऑक्साइडचा हात फिरविणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. हस्तकौशल्याची जात एकच आहे. कसोटी तेवढी अधिक कठोर.

कोल्हापूरला असे धाडस अपरिचित नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा येथेच स्वतःच्या हातांनी घडविला. परदेशी यंत्र खोलून, समजून घेऊन, पुन्हा उभे करणारे मिस्त्री हे या शहराचे खरे भांडवल आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातील मोठे कारखाने कोल्हापुरात येतील, या आशेवर कोणी बसू नये. परंतु अशा कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना पात्रे, झडपा, फ्लँज आणि सुटे भाग लागतात. ते आयातच करावे लागतील, असा काही निसर्गनियम नाही.

यासाठी फार मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक सत्र शिरोलीच्या यंत्रशाळेत काढावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर आणि वेल्डर यांनी निर्वात पात्राची गळती कशी शोधतात, हे विद्यापीठात जाऊन पाहावे. कारखानदारांच्या संघटनेने प्रयोगशाळेला लागणारे एखादे पात्र स्पर्धा म्हणून करून पाहावे, आणि ते गळले तर का गळले याची चर्चा उघडपणे व्हावी. यातील कोणत्याही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, भूखंडही लागत नाही. लागते ती एकमेकांच्या दारात जाण्याची तयारी.

लोखंडाचे पहिले साडेतीन थर निरुपयोगी आहेत, मृत आहेत, असे पुष्कळ दिवस मानले गेले. ते मृत नव्हते, फक्त बेटांसारखे सुटे होते. थोडी भर पडून ती जोडली गेल्यावर त्याच थरांनी आपले सामर्थ्य दाखविले. शिरोलीत कसब आहे आणि सागरमाळावर विद्या आहे. कित्येक दशके ही दोन्ही बेटे आपापल्या जागी भक्कम उभी आहेत. त्यांना जोडणारा पुढचा थर कोण घालणार, याचे उत्तर मुंबई-दिल्लीने द्यावे अशी वाट पाहण्याचे कारण नाही.